अकरा पंचवीसचा मंगळ

आमच्या घरात कोणी "पाच वाजले" असं म्हटलं की अण्णा मान वर न करता विचारायचे, "कुठले?"

नवखा माणूस गोंधळायचा. पाच म्हणजे पाच, त्यात कुठले काय? मग अण्णा चष्मा काढून त्याला समोर बसवायचे आणि त्या बिचाऱ्याची अर्धा तास सुटका नसायची. आई आतून चहा पाठवायची, कारण तिला माहीत असायचं की पाहुणा आता चहाशिवाय तग धरणार नाही.

माझे वडील मोरेश्वर चुरी म्हणजे मंडईच्या टॉवरचे घड्याळमास्तर. म्युनिसिपालिटीची नोकरी. एक दिवसाआड एकशे बारा पायऱ्या चढायच्या, मोठ्या घड्याळाला चावी द्यायची, तेल घालायचं, आणि घड्याळ किती सेकंद पुढे-मागे गेलं ते वहीत लिहायचं. ती वही म्हणजे त्यांची पोथी. घरी आम्ही पाच भावंडं, पण त्यांना खरं लेकरू एकच होतं आणि ते टॉवरवर टांगलेलं होतं, असं मी लहानपणी चिडून म्हणायची. मोठेपणीही म्हणत होते. आता म्हणत नाही, आणि का म्हणत नाही तेच सांगायला बसले आहे.

एकोणीसशे सहा साली सरकारने सगळ्या हिंदुस्थानसाठी एकच वेळ लावली. मुंबईची आपली वेळ मागे पडली, एकोणचाळीस मिनिटांनी. म्हणजे सरकारचे बारा वाजायचे तेव्हा आमचे अकरा एकवीस. अण्णांचं म्हणणं साधं होतं. "सूर्य मुंबईच्या डोक्यावर आला की बारा. यांनी अलाहाबादकडचा कुठला तरी सूर्य धरून आणला आणि आमच्या डोक्यावर बसवला. आम्हाला विचारलं का कोणी?" नव्हतंच विचारलं. लोक संतापले, सभा झाल्या, अर्ज गेले, आणि म्युनिसिपालिटीने आपली घड्याळं हलवायला साफ नकार दिला. मग काय, एका शहरात दोन वेळा नांदायला लागल्या. रेल्वे, पोस्ट, कारखाने नव्या वेळेवर. आमचा टॉवर, देवळं, पंचांग आणि बायकांच्या चुली जुन्या वेळेवर.

आमच्या बिऱ्हाडासमोर लोखंडाचा एक कारखाना होता. त्याचा भोंगा नव्या वेळेने वाजायचा. तो वाजला की अण्णा उठून खिडकी लावायचे. उन्हाळ्यात घामाने निथळायचो आम्ही, पण ती वेळ घरात घ्यायची नाही म्हणजे नाही.

या हट्टापायी बनूआत्याचं लग्न चुकलं होतं त्यांचं. आत्या त्यांची धाकटी बहीण, केळव्याला दिलेली. लग्नाला सगळे आदल्या दिवशी गेले. अण्णा टॉवरला चावी देऊन दुसऱ्या दिवशी निघणार होते. ते आपल्या घड्याळाप्रमाणे ग्रँट रोडला वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचले. गाडी रेल्वेच्या घड्याळाप्रमाणे केव्हाच गेली होती. केळव्याला उतरले तेव्हा जेवणाच्या पंगती उठत होत्या. आत्याने पुढची सोळा वर्षं प्रत्येक भेटीत ते ऐकवलं. "सख्खा भाऊ माझा, अक्षता टाकायच्या सोडून स्टेशनात सूर्य मोजत बसला होता."

आता माझं.

मी सात सालची. पौष महिना, सकाळी अकरा पंचवीस. गोपाळभट जोशांनी पत्रिका मांडली आणि मंगळ निघाला आठव्या घरात. आठव्यातला मंगळ म्हणजे नवऱ्याच्या जिवावर. पत्रिका पाहणारा माणूस आधी हसत हसत कागद उलगडायचा, मग तो परत घडी करायचा आणि मग पाण्याचा पेला न उचलताच चपला शोधायला लागायचा. सतरा वर्षांची होईपर्यंत आठ स्थळं अशी गेली. मला त्याचं दुःख नव्हतं. मी मराठी सातवी पास झाले होते, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण व्हायचं हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. एकेक स्थळ मोडलं की मी मनातल्या मनात पेढे वाटायची.

पण चोवीस सालच्या फाल्गुनात बनूआत्या केळव्याहून आली ती स्थळ घेऊनच.

"केशवराव राऊत. आमच्या शेजारचे. पानमळा आहे, विहीर आहे, घरात गडीमाणसं आहेत. पहिली बायको गेली दोन वर्षांमागे. दोन मुलं. आणि मुख्य म्हणजे," आत्याने आवाज खाली आणला, "त्यांनाही मंगळ आहे."

"वय?" आईने विचारलं.

"वहिनी, आता वय काय बघत बसायचं? मंगळाला मंगळ मिळतोय. वाटेवर पडलाय का असा मुलगा?"

"वय सांगा ना."

"एक्केचाळीस."

आई गप्प झाली. अण्णा पण गप्प. आणि हे गप्प बसणं म्हणजे होकार असतो, हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. दोघं थकले होते. माझ्या पाठीवर आणखी दोन बहिणी उभ्या होत्या. मोठीच बसून राहिली तर त्यांचं काय? आठ दिवसांत बोलणी झाली. रविवारी राऊत येणार, गोपाळभट पत्रिका जुळवून देणार, लगेच साखरपुडा, वैशाखात लग्न.

त्या बुधवारी मी अण्णांशी भांडले. जन्मात पहिल्यांदा. ते खुर्चीत बसून खिशातल्या घड्याळाची काच पुसत होते आणि मला त्या घड्याळाचाच राग आला.

"अण्णा, मला नाही करायचं हे लग्न."

"द्वारके, मग काय करणार आहेस?"

"शिकणार. पुण्याला जाणार."

"आणि लोक? मंगळ आहे म्हणून कोणी करून घेतली नाही, म्हणून धाडली शाळेत, असं म्हणतील. मग धाकट्यांच्या दारात कोण उभं राहील?"

"लोकांना काय घाबरता? लाटसाहेबाला घाबरला नाहीत तुम्ही. एका मिनिटासाठी सरकारशी अठरा वर्षं भांडताय. माझ्यासाठी कोणाशी भांडलात कधी? एकदा तरी?"

ते काच पुसायचे थांबले एवढंच. मला वाटलं आता थोबाडीत बसते. पण ते उठले, टोपी घातली आणि टॉवरवर गेले. तो चावीचा दिवस नव्हता. गुरुवारीही गेले, शुक्रवारीही. आई म्हणाली, "पोरी, लागलं त्यांना." मी म्हटलं, लागू दे. सतरा वर्षांच्या पोरीला दुसऱ्याला लागल्याचं काय कळतं? मला तर गंमतच वाटत होती की या माणसाला लागतं तरी.

रविवारी सकाळी राऊत आले. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? सावळा, रुंद, हाताला पानाच्या रसाचा काळपटपणा. येताना आईसाठी विड्याच्या पानांची करंडी घेऊन आले होते. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि तेच ओशाळले. बनूआत्या जरीचं लुगडं नेसून मिरवत होती. गोपाळभटांनी दोन्ही पत्रिका पाटावर ठेवल्या, नाकात तपकीर ओढली आणि म्हणाले, "हं. जुळतात. मंगळाला मंगळ, उत्तम."

"थांबा," अण्णा म्हणाले.

ते तेव्हाच दारातून आत येत होते. काखेत टॉवरची जुनी वही, कापडी बांधणीची, तेलाच्या डागांची. वही घरी काय, टॉवरबाहेरसुद्धा कधी गेली नव्हती. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं.

"गोपाळभट, पत्रिका चुकली आहे."

"माझी?" गोपाळभटांचा आवाज चढला. "चुरी, तीस वर्षं पत्रिका मांडतोय मी."

"तुमची नाही. माझी चूक आहे." अण्णा पाटासमोर बसले, घसा खाकरला. "द्वारकी झाली त्या दिवशी मी टॉवरवर होतो. घड्याळ माझ्या खिशात. घरात ही आणि रखमा सुईण, दोघीच. रखमाने समोरच्या कारखान्यात वेळ विचारली. संध्याकाळी मला सांगितलं, अकरा पंचवीस. मी ते तसंच लिहून तुम्हाला दिलं."

"कारखान्यात?" गोपाळभट थबकले. "म्हणजे ते अकरा पंचवीस..."

"नवे."

मग गोपाळभट सावकाश म्हणाले, "मास्तर, तुम्ही? ‘कुठले’ म्हणून विचारलं नाहीत?"

"नाही विचारलं."

"जन्मभर साऱ्या मुंबईला विचारत आलात."

"त्या दिवशी नाही विचारलं. मुलगी झाली होती, आनंदात होतो."

अण्णांनी वही उघडली. एका पानावर तेलाने काळा पडलेला अंगठा दाबून धरला आणि अंगठ्याच्या लगेच खालची ओळ गोपाळभटांच्या डोळ्यांसमोर नेली. गोपाळभटांनी मोठ्याने वाचलं, "अकरा-दहा. मुलगी झाल्याचा निरोप आला."

"टॉवरचे अकरा दहा," अण्णा म्हणाले. "मुलगी अकरा पंचवीसला झाली असेल, तर पंधरा मिनिटं आधी मला निरोप कसा येईल? नव्या अकरा पंचवीसातून एकोणचाळीस वजा करा. दहा शेहेचाळीस. घरून निरोप्याला टॉवरपर्यंत यायला, पायऱ्या चढायला वीस-पंचवीस मिनिटं. बरोबर बसतं."

गोपाळभट बोटांवर काहीतरी मोजायला लागले. पंचांग काढलं, पुन्हा मोजलं. कपाळाला घाम. "मेष नाही, मीन लग्न येतं," ते पुटपुटले. "मंगळ नवव्यात. अहो, मुलीला मंगळ नाहीच."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" आत्या कडाडली. "पोर वाळत बसली घरात!"

अण्णांनी मान खाली घातली. इतकी खाली मी ती कधी पाहिली नव्हती, आणि नंतरही नाही.

"वही मागेच चाळली होती, बने. तेव्हाच ध्यानात आलं. पण माझ्या घरात ती वेळ शिरली, आणि मीच ती हाताने लिहून दिली, हे चारचौघांत सांगायची लाज वाटली."

आधी गोपाळभट हसले. मग आत्या. ती तर हसून हसून डोळ्यांना पदर लावायला लागली, सोळा वर्षांचं उट्टं निघालं तिचं. "दादा, खिडक्या लावून घेत होतास ना? मागच्या दाराने आली बघ तुझ्या घड्याळाची सवत." अण्णा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मी आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती ते निवडतच राहिली.

हसत नव्हते ते फक्त राऊत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. म्हणाले, "मास्तर, मुलगी चांगली आहे तुमची. पण आता मला नाही जमायचं."

"का हो?" आत्याचं हसू थांबलं.

"बनूबाई, तिला मंगळ नाही, मला आहे. माझ्या घरी आली तर वर्षात जायची. मी एक बायको घालवली आहे. दुसरी जाणूनबुजून नाही घालवणार." ते उठले, अण्णांना नमस्कार केला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, बापाने ठेवावा तसा. पानांची करंडी इथेच असू द्या म्हणाले.

आत्या महिनाभर फणकारत होती. पण गोष्ट तिनेच गावभर केली, आणि तिने केली म्हणून ती सगळ्यांना खरी वाटली. म्युनिसिपालिटीत तर अण्णांचं हसं झालं. साहेबापासून शिपायापर्यंत जो तो विचारायचा, "काय मास्तर, किती वाजले? आणि कुठले?" निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते ऐकून घेतलं. त्यानंतर त्यांनी स्वतः कोणाला "कुठले" म्हणून विचारलं नाही. खिडकी लावणंही बंद झालं. मला वाटायचं, हरले बिचारे.

मंगळ गेला म्हटल्यावर लोकांच्या तोंडाला कुलूप लागलं. चुरींच्या मुलीला आता काय, केव्हाही स्थळ मिळेल, शिकते तर शिकू दे, असं तीच माणसं बोलायला लागली. जूनमध्ये अण्णा मला पुण्याच्या गाडीत बसवायला आले. बोरीबंदरला आम्ही इतके लवकर पोचलो की गाडी फलाटाला लागलीही नव्हती. मी म्हटलं, "अण्णा, अजून तास आहे." ते म्हणाले, "असू दे. रेल्वेच्या वेळेने चाललेलं बरं."

मी मास्तरीण झाले, पुढे हेडमास्तरीण. सव्विसाव्या वर्षी माझ्याच पसंतीने लग्न केलं. आमचे हे चित्रकलेचे शिक्षक. लग्नाच्या वेळी पत्रिका मागितली त्यांच्या आईने. मी ऐटीत नवी दिली, मंगळ नवव्यात असलेली. त्रेचाळीस साली अण्णा गेले. त्यांचं खिशातलं घड्याळ माझ्याकडे आलं.

मग स्वराज्य आलं, आणि काही वर्षांनी म्युनिसिपालिटीने शेवटी जुनी वेळ सोडायचं ठरवलं. टॉवरचं घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढे करायच्या दिवशी नव्या घड्याळमास्तरांनी मला मुद्दाम बोलावलं, चुरीमास्तरांची मुलगी म्हणून. एकशे बारा पायऱ्या चढताना गुडघे बोलायला लागले. काटे सरकवताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं. दोन माणसांनी घाम पुसत पुसत काटे फिरवले आणि झालं. मी नव्या मास्तरांना म्हटलं, सात सालची वही असेल का हो? होती. फडताळात सगळ्या ओळीने लावलेल्या होत्या.

मला तेवढी एक ओळ पाहायची होती. माझं पान नंबर एक, म्हणा ना.

पान सापडलं. अण्णांची ओळ होती, "अकरा-दहा. मुलगी झाल्याचा निरोप आला." आणि तिच्या अगदी वर एक काळा, तेलकट अंगठा उमटलेला होता, तीस वर्षांपूर्वीचा. त्या ठशाने झाकलेली आणखी एक ओळ होती. अक्षर अण्णांचं नव्हतं, त्यांच्या हाताखालच्या धोंडूचं होतं. खिडकीशी नेऊन वाचली. "मास्तर आज रजेवर. बायको अडली आहे. चावी मी दिली."

पायऱ्या कशा उतरले आठवत नाही. आई तेव्हा माझ्याकडेच होती, सत्तरीला टेकलेली. घरी आले तर ती लसूण सोलत बसली होती आणि आमचे हे शेजारी बसून दुसऱ्यांदा शिरा मागून घेत होते.

"आई, मी झाले तेव्हा अण्णा टॉवरवर होते ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग वहीचं तेल लागलेल्या माझ्या बोटांकडे. "पाहिलीस का वही?"

"पाहिली."

"दाराबाहेर उभे होते," आई म्हणाली. "पहाटेपासून. हातात घड्याळ धरून. तू पहिल्यांदा रडलीस तशी बाहेरून मोठ्याने म्हणाले, अकरा पंचवीस. पुन्हा म्हणाले. विसरेन की काय म्हणून तिसऱ्यांदा म्हणाले. दुसऱ्या कोणाला वेळ सांगू दिली असती त्यांनी?"

"म्हणजे मला मंगळ..."

"आठव्यातच आहे." आईने जावयाकडे मान वळवली. "आणि हे बघ, तिसरी वाटी मागतायत."

आमच्या ह्यांना काही कळलं नाही. ते म्हणाले, शिऱ्यात वेलची छान पडली आहे.

मी खाली बसले. तीन दिवस तो माणूस त्या टॉवरवर एकटा बसला होता, मी बोलले त्यानंतर. सरकारला ज्याने एक मिनिट दिलं नाही, त्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पोथीत खोटं लिहिलं. आणि असं खोटं, की ज्यात स्वतःचीच अब्रू जाईल, म्हणजे कोणाला शंका येणार नाही. आणि मी समजत होते हरले.

"आई, मला का नाही सांगितलंस कधी?"

"त्यांनीच बजावलं होतं. म्हणाले, पोरीला सांगू नकोस. ती मास्तरीण होणार आहे, तिला खोटं आवडायचं नाही."

पंचवीस-तीस वर्षं मी मुलींच्या हातावर छड्या दिल्या होत्या, खोटं बोलल्या म्हणून. पदराने डोळे पुसले, आईच्या पुढ्यातला लसूण ओढून घेतला.

"आवडलं गं आई," मी म्हटलं, आणि सोलायला लागले.